वाळूच्या पापुद्र्यांतला वायू मोजताना

नाशिकच्या जमिनीखाली तेल नाही. ब्रह्मगिरी, अंजनेरी, सप्तशृंग हे सगळे डोंगर बेसाल्टचे, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचत गेलेल्या लाव्हाचे. त्यामुळे इथे भूशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना तेल-वायूचा विषय परमुलखातला वाटतो. खरं तर तो आपल्या नदीचाच विषय आहे. त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. तिने आणि कृष्णेने लाखो वर्षं समुद्रात लोटलेल्या गाळात आज देशातले महत्त्वाचे वायूसाठे आहेत. ओएनजीसीला १९८७ मध्ये रव्वा क्षेत्र सापडलं. रिलायन्सला २००२ मध्ये कृष्णा-गोदावरी (केजी) खोऱ्यातल्या केजी-डी६ चा वायू मिळाला आणि एप्रिल २००९ मध्ये त्याचं उत्पादन सुरू झालं. ओएनजीसीच्या केजी-डीडब्ल्यूएन-९८/२ या खोल समुद्रातल्या क्षेत्रातून पहिलं तेल आलं ते जानेवारी २०२४ मध्ये.

या गाळात आपला वाटा कोणता, हे आधी समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. गोदावरी खोऱ्याचा जवळजवळ निम्मा भाग बेसाल्टचा आहे. बेसाल्ट झिजला की काळी माती होते आणि त्या मातीत स्मेक्टाइट हे खनिज भरपूर असतं. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा आणि पावसाळ्यात फुगणारी जमीन, दोन्ही याच खनिजामुळे. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळपास नसतंच, त्यामुळे गोदावरीच्या मुखाशी जाणारी क्वार्ट्झची वाळू मुख्यतः प्राणहिता, इंद्रावती, शबरी या खालच्या उपनद्यांनी जुन्या खडकांवरून आणलेली असते. म्हणजे वाळू त्यांची आणि चिकणमातीचा मोठा भाग आपला. वाळूत वायू साठतो. माती वीज सहज वाहू देते आणि त्या वायूची खूण लॉगवरून पुसून टाकते. बोटाएवढ्या जाडीच्या वाळूच्या पापुद्र्यांतला वायू या पडद्यामागून कसा मोजायचा, त्याची ही कृती. गॅमा रे, रोधकता, घनता आणि न्यूट्रॉन हे चार लॉग ज्यांना ओळखता येतात, त्यांना ती स्वतः करून पाहता येईल.

अडचण कुठे आहे

विहिरीत सोडलेलं प्रत्येक उपकरण एका बिंदूचं मोजमाप घेत नाही. ते आजूबाजूच्या खडकाच्या एका पट्ट्याचं एकत्र मोजमाप घेतं. गॅमा रे आणि न्यूट्रॉनसाठी हा पट्टा ढोबळमानाने अर्ध्या मीटरचा धरावा, घनतेसाठी त्याहून थोडा कमी. खोलवर पाहणाऱ्या जुन्या इंडक्शन लॉगसाठी तो दोन मीटरच्या आसपास जातो, तर आजच्या अ‍ॅरे इंडक्शनमध्ये ३० ते १२० सेंटीमीटर असतो. विहिरीच्या भिंतीचं विद्युत चित्र काढणारं उपकरण मात्र अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत तपशील दाखवतं. आता वाळू पाच सेंटीमीटर, मग शेल (दाबाखाली दगड झालेली चिकणमाती) पाच सेंटीमीटर, पुन्हा वाळू, असा वीस मीटरचा पट्टा असेल तर चित्र सोडून बाकी सर्व लॉगना त्यातला एकही थर सुटा दिसणार नाही.

सरासरी निघणं हे स्वतःमध्ये वाईट नाही. घनता, न्यूट्रॉन, गॅमा रे, चुंबकीय अनुनाद हे लॉग सरळ सरासरी काढतात, म्हणजे निम्मी वाळू आणि निम्मी शेल असेल तर आकडा बरोबर मध्ये येतो. त्यातून वाळूचा वाटा परत काढता येतो. रोधकतेचं तसं नाही. उपकरणाचा प्रवाह थरांना समांतर वाहतो आणि जिथे अडथळा कमी तिथून धावतो, जसं पाटाचं पाणी मोकळ्या दंडातून जातं आणि गवताने भरलेला दंड कोरडा राहतो. शेलची रोधकता १ ओहम-मीटर आणि वायूने भरलेल्या वाळूची २० असेल, दोन्ही निम्मे निम्मे असतील, तर लॉगवर साडेदहा येत नाही. येतं १.९. वाचणारा म्हणतो, पाणी आहे, आणि पुढे सरकतो. या विद्येतली सर्वांत महागात पडणारी चूक ही आहे. कमी रोधकतेचे वायूथर यामुळेच वर्षानुवर्षं पाण्याचे म्हणून सोडले गेले.

सुरुवात लॉगपासून करू नका

आधी विहीर खोदतानाच्या नोंदी काढा. विहिरीत फिरवलेल्या चिखलद्रवातून, म्हणजे मडमधून, वर आलेला वायू किती होता, मिथेनबरोबर इथेन-प्रोपेन होते का, कटिंग्जमध्ये, म्हणजे वर आलेल्या खडकाच्या चुऱ्यात, बारीक वाळू दिसली का, अतिनील प्रकाशात तिला चमक होती का? रोधकता दीड-दोन ओहम-मीटर आणि मडमध्ये वायू मात्र सतत चढता, असा पट्टा दिसला की त्यावर पेन्सिलने खूण करा. हा विसंवाद म्हणजे पहिला पुरावा.

मड पाण्याचा होता की तेलाचा, हेही लिहून ठेवा. विद्युत चित्र काढणारी उपकरणं दोन्हींसाठी वेगवेगळी असतात आणि तेलाच्या मडमधली चित्रं पाण्याच्या मडइतकी बारीक येतीलच असं नाही. विहीर किती तिरकी आहे याचीही नोंद हवी. थरांना काटकोनात जाणाऱ्या विहिरीत साधा इंडक्शन लॉग आडवी रोधकता देतो. विहीर थरांना खूपच तिरकी असेल तर त्यात उभी रोधकता मिसळते आणि थरांच्या सीमांवर खोटी शिंगं उमटतात. ३० अंशांपर्यंत हा परिणाम फारसा त्रास देत नाही. त्यापुढे मात्र दुरुस्ती केल्याशिवाय आकडा वापरू नये.

खोली जुळवणं

हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच त्यात घाई होते. केबल ताणली जाते, उपकरण अडकून झटक्याने सुटतं, वेगवेगळ्या फेऱ्यांत उतरवलेल्या लॉगांची खोली वीस-तीस सेंटीमीटरने सहज चुकते. दहा मीटरच्या वाळूत हे चालून जातं. पाच सेंटीमीटरच्या पापुद्र्यांत वीस सेंटीमीटरची चूक म्हणजे एका वाळूची रोधकता दुसऱ्याच वाळूच्या सच्छिद्रतेशी बांधणं.

सगळे लॉग एका फेरीच्या गॅमा रेशी जुळवा आणि चित्राचा लॉगही त्यालाच जुळवा. विहिरीचा व्यास मोजणारा कॅलिपर पाहून जिथे भिंत ढासळली आहे तिथली घनता बाद करा. फुगणाऱ्या मातीच्या शेलमध्ये भिंत ढासळते, वाळू मात्र सरळ उभी राहते, त्यामुळे घनतेचा लॉग नेमका शेलमध्येच फसवतो. लॉगच्या संगणकीय नोंदीतले, म्हणजे एलएएस फाइलमधले, आकडे साधारण १५ सेंटीमीटरला एक असे असतात. उच्च विभेदनाची फाइल उपलब्ध असेल तर तीच मागून घ्या. आणि लॉग गुळगुळीत दिसावा म्हणून त्यावर कोणताही फिल्टर चालवू नका, कारण जे शोधायचं आहे तेच त्यात जातं.

पापुद्रे आहेत की मातकट वाळू?

शेल वाळूत तीन प्रकारे बसते. वेगळे पापुद्रे करून, वाळूच्या कणांमधल्या पोकळीत भरून, किंवा वाळूच्या कणांऐवजी मातीचे गोळे म्हणून. पहिल्या प्रकारात वाळू स्वच्छ राहते आणि वायू सुखाने वाहतो. दुसऱ्यात पोकळीच बुजते. गॅमा रे दोन्हींना सारखाच आकडा देतो, पण एक विहीर चालते आणि दुसरी चालत नाही. त्यामुळे हा निवाडा रोधकतेला हात लावण्याआधी करायचा.

त्यासाठी थॉमस आणि स्टीबर यांनी १९७५ मध्ये मांडलेला आलेख वापरतात. आडव्या अक्षावर शेलचं प्रमाण, उभ्या अक्षावर एकूण सच्छिद्रता. दोन टोकं आधी पक्की करा. स्वच्छ जाड वाळू सापडली तर तिची सच्छिद्रता, समजा ३० टक्के, आणि लगतच्या जाड शेलची, समजा २० टक्के. दोन्ही बिंदू जोडणारी सरळ रेषा ही पापुद्र्यांची रेषा. शेल ५० टक्के असताना सच्छिद्रता २५ आली तर बिंदू रेषेवर बसतो, म्हणजे सारी शेल पापुद्र्यांतच आहे. तिथेच २३ आली तर? बिंदू रेषेखाली गेला, म्हणजे थोडी माती पोकळीत शिरली. गणित मांडलं तर शेलचे पापुद्रे ४७ टक्के, वाळू ५३ टक्के, आणि त्या वाळूत सुमारे ५ टक्के माती पसरलेली, म्हणून वाळूची स्वतःची सच्छिद्रता ३० नव्हे तर सुमारे २६. दोन टक्क्यांच्या फरकातून एवढं कळतं. (हे आणि पुढचे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, कोणा एका विहिरीचे नाहीत.)

गोदावरीच्या गाळाच्या बाबतीत इथे एक खास सावधगिरी बाळगावी लागते. शेलचं प्रमाण काढायला आपण सवयीने गॅमा रे वापरतो, कारण शेलमध्ये पोटॅशियम, थोरियम जास्त असतं असं गृहीत धरलेलं असतं. पण बेसाल्टमध्ये पोटॅशियम कमी, त्याच्या झिजेतून आलेल्या स्मेक्टाइटमध्येही कमी. उलट ग्रॅनाइट-नाइसच्या मुलखातून आलेल्या वाळूत पोटॅश फेल्डस्पार असेल तर वाळूचाच गॅमा रे चढतो. दोन्हींतलं अंतर कमी झालं की गॅमा रेवरून काढलेलं शेलचं प्रमाण डळमळीत होतं. म्हणून घनता-न्यूट्रॉनवरून दुसरं प्रमाण काढा आणि स्पेक्ट्रल गॅमा रे असेल तर फक्त थोरियमवरून तिसरं. तिन्ही जुळले तर उत्तम. जुळले नाहीत तर कोणतं का सोडलं, ते कागदावर कारणासह लिहा.

घनता-न्यूट्रॉनमध्येही एक खोच आहे. जाड वाळूत वायू असला की दोन्ही रेषा एकमेकींना ओलांडतात, आणि ते ओलांडणं पाहूनच लोक वायू ओळखतात. पापुद्र्यांच्या पट्ट्यात शेल न्यूट्रॉनचा आकडा वर ढकलते, वायू खाली ओढतो, आणि रेषा ओलांडतच नाहीत. त्या फक्त शेलपेक्षा जवळ येतात. रेषा ओलांडल्या नाहीत म्हणून वायू नाही असं म्हणू नये. शेजारच्या जाड शेलमध्ये रेषांचं अंतर किती आणि इथे किती, एवढी तुलना करा.

रोधकतेचे दोन आकडे

आता मुख्य काम. प्रवाह थरांना समांतर गेला की मिळते ती आडवी रोधकता आणि थरांना छेदून गेला की मिळते ती उभी. पापुद्र्यांच्या खडकात दोन्ही वेगळ्या असतात. आडवीचा हिशेब असा: शेलचं प्रमाण भागिले शेलची रोधकता, अधिक वाळूचं प्रमाण भागिले वाळूची रोधकता, आणि त्या बेरजेचा व्यस्त. उभीचा हिशेब सरळ आहे: प्रमाण गुणिले रोधकता, दोन्हींची बेरीज. वरच्याच उदाहरणात आडवी १.९ आणि उभी १०.५. साडेपाच पटींचा फरक.

पूर्वी उभी रोधकता मोजायची सोय नव्हती. २००० च्या आसपास तीन दिशांना गुंडाळ्या असलेली त्रिअक्षीय इंडक्शन उपकरणं वापरात आली आणि या विषयाचं चित्र पालटलं. का पालटलं, ते आकड्यांतच पाहण्यासारखं आहे.

समजा खरी वाळू २० ओहम-मीटरची आहे, पण आपल्याला ते माहीत नाही. हातात आडवी रोधकता १.९०५ आहे, शेलची १ आहे, शेलचं प्रमाण ५० टक्के धरलं. हिशेब केला की वाळू बरोबर २० येते. आता शेलचं प्रमाण चुकून ४५ टक्के धरा. वाळूची रोधकता ७.३ वर कोसळते. ५२ धरा, तर ९६ वर उडी मारते. पाच टक्के इकडे, दोन टक्के तिकडे, आणि उत्तर ७ ते ९६! शेलचं प्रमाण इतकं अचूक काढणं कोणालाही शक्य नाही. म्हणजे नुसत्या आडव्या रोधकतेवरून वाळू काढणं हा गणिताच्या वेषातला अंदाज ठरतो.

तेच उभ्या रोधकतेवरून करा. १०.५ मधून शेलचा वाटा वजा करायचा आणि वाळूच्या प्रमाणाने भागायचं. शेल ४५ टक्के धरली तर १८.३, ५० ला २०, ५२ ला २०.८. चुकीच्या प्रमाणानेही उत्तर हाताशी राहतं, कारण छेदून जाणाऱ्या प्रवाहाला वाळू चुकवून जाता येत नाही. माझं म्हणणं स्पष्ट आहे: पापुद्र्यांचा पट्टा अपेक्षित असेल तर त्रिअक्षीय इंडक्शनचा खर्च विहीर आखतानाच मंजूर करून घ्यावा. नंतर केसिंग, म्हणजे विहिरीची पोलादी नळी, उतरलं की ही संधी परत मिळत नाही.

तरीही दोन गोष्टी सांभाळा. पहिली म्हणजे शेल स्वतःही दोन दिशांना वेगळी असते, कारण दाबाखाली मातीची पानं आडवी निजतात. शेलची उभी रोधकता आडवीच्या दुप्पट असणं नवल नाही. आता वाळूत वायू नसून पाणीच आहे आणि तिची रोधकता १.६७ आहे असं धरा. शेलची आडवी १, उभी २. हिशेबाने आडवी १.२५ आणि उभी १.८३ येते, म्हणजे वायूचा कण नसताना दीडपट फरक. म्हणून फरक दिसला की वायू आहे असा निष्कर्ष काढू नका. जवळच्या, पण वायूच्या पट्ट्याबाहेरच्या जाड शेलमध्ये उभी-आडवीचं गुणोत्तर मोजा आणि तेच हिशेबात घाला. खोलीनुसार शेल दबत जाते, त्यामुळे पाचशे मीटर वरची शेल इथे उसनी घेऊ नये.

दुसरी गोष्ट म्हणजे वाळू फारच कमी असली, दहा टक्क्यांच्या आसपास, तर उभ्या रोधकतेचीही पकड सैल होते. वरचेच थर, पण शेल ९० टक्के: उभी रोधकता २.९ येते. प्रमाणात दोन टक्क्यांची चूक केली की वाळू १७ ते २५ च्या दरम्यान कुठेही पडते. हे अजून चालण्यासारखं आहे, पण वाळूची जाडी मात्र ८ ते १२ टक्के अशी डोलते आणि साठ्याचा आकडा त्याबरोबर डोलतो.

पाणी किती, वायू किती

वाळूची रोधकता हाती आली की आर्चीचं १९४२ चं सूत्र फक्त वाळूला लावा. सबंध पट्ट्याला नाही. थरातल्या पाण्याची रोधकता ०.१५, वाळूची सच्छिद्रता ३० टक्के, सच्छिद्रता आणि पाण्याचं प्रमाण या दोन्हींचे घातांक दोन. पाण्याने पूर्ण भरलेल्या वाळूची रोधकता १.६७ येते, तिला २० ने भागून वर्गमूळ घ्या: पाणी २९ टक्के, वायू ७१.

हेच सूत्र डोळे झाकून संपूर्ण पट्ट्याला लावलं असतं तर? सच्छिद्रता २५ टक्के, रोधकता १.९, आणि पाणी येतं ११२ टक्के. संगणक ते शंभरावर कापतो आणि अहवालात ‘पाणी’ असं छापलं जातं. खडक तोच, लॉग तेच.

थॉमस-स्टीबरच्या आलेखात पोकळीत शिरलेली माती दिसली असेल तर साधं आर्ची पुरत नाही. तिथे वॅक्समन-स्मिट्स यांचं १९६८ चं सूत्र किंवा ड्युअल वॉटर पद्धत घ्यावी. दोन्हींत मातीच्या पृष्ठभागावरच्या आयनांतून वाहणारा प्रवाह वेगळा धरलेला असतो. स्मेक्टाइटची आयन धरून ठेवण्याची क्षमता मातीच्या खनिजांत फार वरची, केओलिनाइटच्या कैक पट. त्यामुळे गोदावरीच्या गाळात पुस्तकातला सरसकट आकडा वापरण्यापेक्षा विहिरीतून काढलेल्या खडकाच्या दंडगोलावर, म्हणजे कोअरच्या नमुन्यावर, ही क्षमता प्रयोगशाळेत मोजून घ्यावी.

आता साठा. वीस मीटरच्या पट्ट्यात वाळू दहा मीटर, सच्छिद्रता ०.३०, वायू ०.७१. गुणाकार २.१३ मीटर. याचा अर्थ दर चौरस मीटर क्षेत्राखाली २.१३ घनमीटर जागा वायूने भरलेली आहे. शेलचं प्रमाण ४५ धरलं तर हा आकडा २.३०, ५२ धरलं तर २.०७. आणि नेहमीची कटऑफ पद्धत, म्हणजे शेल ४० टक्क्यांहून जास्त असेल ते सोडा, पाणी ६० टक्क्यांहून जास्त असेल ते सोडा, लावली तर शून्य. त्यामुळे पापुद्र्यांच्या पट्ट्यात शेलची कटऑफ लावूच नये. पट्टा पूर्ण ठेवा आणि त्यातला वाळूचा वाटा मोजा.

उत्तराची उलटतपासणी

इतकं झाल्यावरही हे उत्तर म्हणजे एक प्रतिमान आहे. त्याला निदान दोन स्वतंत्र साक्षीदार हवेत.

पहिला साक्षीदार विहिरीच्या भिंतीचं चित्र. पाण्याच्या मडमध्ये काढलेल्या चित्रात वायूची वाळू फिकट पट्ट्यांसारखी आणि शेल गडद दिसते. एक मीटरचा तुकडा घ्या, डोळ्यांनी वाळू मोजा, बेरीज करा आणि थॉमस-स्टीबरच्या वाळूशी ताडून पाहा. संगणक एका उंबरठ्यावरून हे काम झटपट करतो, पण तो उंबरठा निवडण्यासाठी कोअरचा फोटो शेजारी ठेवावा लागतो. कोअर नसेल तर उंबरठा थोडा वरखाली करून वाळू किती बदलते ते नोंदवा.

दुसरा चुंबकीय अनुनादाचा लॉग. वाळूखडकात साधारण ३ मिलिसेकंदांच्या आत विरणारा संकेत मातीला चिकटलेल्या पाण्याचा आणि ३३ च्या पुढे टिकणारा मोकळ्या द्रवाचा धरतात. मातकट वाळूत हा आलेख एका कुबडाचा, डावीकडे सरकलेला दिसतो. पापुद्र्यांत दोन कुबडं स्पष्ट वेगळी दिसतात, एक शेलचं आणि एक स्वच्छ वाळूचं. हा लॉग सरळ सरासरी काढणारा असल्याने मोकळ्या द्रवाला वाळूच्या प्रमाणाने भागलं की वाळूतली मोकळ्या द्रवाची जागा मिळते. वायूत हायड्रोजन विरळ असल्यामुळे एकूण सच्छिद्रता थोडी कमी दिसते, तेवढी भर घालावी.

तिसरी आणि निर्णायक साक्ष दाबाची. दाब मोजणाऱ्या उपकरणाची नळी भिंतीला टेकते तो भाग लहानसा असतो. ती शेलवर टेकली तर चाचणी ‘घट्ट’ म्हणून वाया जाते, म्हणून चित्र पाहून वाळूचा पापुद्रा निवडून मगच खोली सांगा. पापुद्रे फारच पातळ असतील तर दोन पॅकरच्या, म्हणजे फुगणाऱ्या बुचांच्या, मध्ये मीटरभर भिंत बंद करणारी रचना वापरा. वेगवेगळ्या खोलीवरचे दाब मांडले की पाण्याच्या थरात दर दहा मीटरला साधारण एक किलो प्रति चौरस सेंटीमीटर वाढ दिसते आणि वायूच्या थरात त्याच्या लहानशा अंशाएवढी. सगळे बिंदू एकाच रेषेवर बसले तर पापुद्रे एकमेकांशी जोडलेले असण्याची शक्यता मोठी. विखुरले तर प्रत्येक गट वेगळा धरा. विहिरीबाहेर हे पापुद्रे किती दूर पसरलेत, हे एका विहिरीचा लॉग सांगू शकत नाही.

पारगम्यता काढताना दोन दिशा पुन्हा वेगळ्या ठेवा. आडवा प्रवाह वाळू ठरवते, उभा प्रवाह शेल अडवते. त्यामुळे खालचं पाणी वर चढायला वेळ लागतो, ही पापुद्र्यांच्या साठ्यातली एक जमेची बाजू.

हाताला सवय लावण्यासाठी

लॉग हातात येण्याआधी थर डोळ्यांना ओळखीचे झाले तर फार फायदा होतो. त्यासाठी निफाड तालुक्यात जा. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. त्याच्या मागे गाळ साचून झालेल्या पाणथळीला २०२० मध्ये रामसर दर्जा मिळाला. अभयारण्याच्या हद्दीबाहेर, नदीकाठ नैसर्गिकरीत्या कापला गेलेला असेल तिथे, एक मीटर उंचीचा उभा तुकडा निवडा. टेपने प्रत्येक थराची जाडी मोजा आणि माती की वाळू ते लिहा. घरी येऊन वाळूला २० आणि मातीला १ ही रोधकता द्या, आडवी आणि उभी दोन्ही काढा. मग तोच तुकडा पाच सेंटीमीटरचे थर, वीस सेंटीमीटरचे थर असा बदलून पाहा. वाळूचं प्रमाण तेच ठेवलं तर उत्तर बदलत नाही हे स्वतःच्या आकड्यांत दिसलं की सूत्र पाठ करावं लागत नाही. खोल समुद्रातले पापुद्रे नदीच्या पुराने थेट घातलेले नसतात, उतारावरून घसरत गेलेल्या गढूळ प्रवाहांनी घातलेले असतात. मोजण्याची रीत मात्र हीच.

खऱ्या लॉगांवर सराव करायचा असेल तर नॉर्वेतल्या वोल्व्हे क्षेत्राची माहिती २०१८ पासून खुली आहे. तिथला साठा पातळ थरांचा नमुना नव्हे, पण खोली जुळवणं आणि शेलचं प्रमाण काढणं त्यावर उत्तम शिकता येतं. आपल्या देशातल्या विहिरींचे लॉग हायड्रोकार्बन महासंचालनालयाच्या नॅशनल डेटा रिपॉझिटरीत साठवलेले आहेत. कॉलेजने संस्था म्हणून त्यासाठी विचारणा करावी. मुंबई हायचा एल-३ साठाही चुनखडी आणि शेलच्या आलटून-पालटून थरांचा आहे. चुनखडीची सच्छिद्रता मात्र वेगळ्या तऱ्हेची असल्याने वरचे घातांक तिथे जसेच्या तसे लावू नयेत.

अहवालात काय द्यायचं

एकच आकडा देऊ नका. कमी, मधला आणि जास्त असे तीन द्या, आणि प्रत्येकात शेलचं प्रमाण, शेलची दोन्ही दिशांची रोधकता आणि पाण्याची रोधकता काय धरली ते लिहा. कोणत्या एका गृहीतकाने उत्तर सर्वांत जास्त हलतं, तेही सांगा, म्हणजे पुढच्या विहिरीत पैसा कशावर खर्चायचा हे ठरवता येतं. छिद्रं पाडण्याची शिफारस सुट्या पापुद्र्यांची करू नका. छिद्रं पाडणाऱ्या गनची खोली तेवढी अचूक नसते, त्यामुळे सबंध पट्टाच सुचवा, आणि वाळू सैल असेल तर वाळू अडवणाऱ्या जाळीचा उल्लेख त्याच ओळीत करा. चाचणी झाली की मिळालेला प्रवाह आणि दाब आपल्या तीन आकड्यांशेजारी लिहा. मधल्या आकड्यापासून ते दूर असतील तर थॉमस-स्टीबरच्या आलेखातल्या शेलच्या बिंदूपासून पुन्हा सुरुवात करा, कारण बहुतेक वेळा चूक तिथेच असते.